चढावरची टकटक

५ जानेवारी २०२५, रविवार

गाडी आणली!

लिहायला बसलो तर हाताने आपोआप रकाने आखायला सुरुवात केली. तेल, पाणी, आवाज, वारा. चौतीस वर्षं बोटीवर इंजिन ड्रायव्हर होतो, रोज नोंदवही भरायचो. बोट सोडली तेव्हा एक कोरी वही मालकाला सांगून घरी आणली होती. दोन वर्षं ती तशीच पडून होती, आज तिला काम मिळालं.

गाडी पालीच्या एका निवृत्त मास्तरांची. पांढरी, अठरा वर्षं जुनी, पण अंगाला गंज नाही. मास्तरांनी बल्लाळेश्वरासमोर नेऊन तिला हार घातला आणि मुलगी सासरी पाठवल्यासारखे डोळे पुसले. डॅशबोर्डवरचे निम्मे दिवे लागत नाहीत. मास्तर म्हणाले, तेवढे करून घ्या. मी म्हटलं, दिवे कशाला, मला कान आहेत. आमच्या दिघीत कोणाच्याही बोटीचं इंजिन कुरकुरलं की आधी मला बोलावतात, मग मेकॅनिकला.

गाडी घ्यायचं कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी म्हातारचळ म्हणायला नको. मृणालीला एप्रिलमध्ये बाळ होणार. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. पण तिच्या सासूबाई, म्हणजे तळ्याच्या आमच्या विहीणबाई, यांनी अट घातली. म्हसळ्याच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दिघीपासून लांब. दारात धड गाडी असेल तरच सून पाठवीन, नाहीतर बाळंतपण तळ्यालाच. बाईचं काही चूक नाही. तेव्हा आता दारात गाडी आहे.

आमची सगळी वाडी रस्त्यापासून खाली धक्क्यापर्यंत उतारावर. गाडी घराशेजारी नाक वर करून लावली, मागच्या चाकांना दगड दिले. केसरने कुंकू लावलं, नारळ फोडला आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसली. म्हटलं, "तुझी सीट ती बाजूची." नुसती हसली.

६ जानेवारी, सोमवार

तेल: जास्त!

सकाळी चहाच्या आधी इंजिनाचं तेल बघायचं, ही माझी सवय. डिपस्टिक काढली, पुसली, परत घालून काढली. तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर! मास्तर बिचारे गणिताचे, इंजिनाचे नव्हेत. जास्त तेलाने इंजिनात फेस होतो. गाडीखाली शिरलो, नट सैल केला, थोडं थोडं काढून बरोबर खुणेवर आणलं. लिटरभराच्या वरच निघालं. तेल चांगलं होतं, बाटलीत भरून ठेवलं.

केसर म्हणाली, "मास्तरांनी अठरा वर्षं चालवली ती काय उगाच?"

म्हटलं, अठरा वर्षं चालली ती गाडीच्या नशिबाने.

९ जानेवारी, गुरुवार

तेल: खुणेवर.

केसर शेजारच्या काशिफाबरोबर पेणला गेली, साड्यांच्या सेलला म्हणून. काशिफा म्हणजे माझ्या बोटीवरच्या जोडीदाराची, अब्दुस्समदची मुलगी. सात वर्षं मस्कतला होती, गेल्या वर्षी परत आली. दोघी संध्याकाळी आल्या. साडी एकही नाही. विचारलं तर म्हणे पसंत पडली नाही, पण फोटो काढले. पेणला जाऊन फोटो काढायची काय हौस! असो. बायकांचं मन बायकांना ठाऊक.

१२ जानेवारी, रविवार

तेल: खुणेवर. आवाज: आहे.

पहिल्यांदा लांब गेलो. गाडी फेरीबोटीत घालून अगरदांड्याला उतरलो आणि तिथून तळ्याला, मृणालीकडे. केसरने तिच्यासाठी सुकटीची चटणी आणि बोंबील घेतले होते. सपाटीला गाडी लोण्यासारखी. तळ्याच्या अलीकडे तो लांब चढ लागला, गिअर खाली घेतला, आणि अर्ध्यावर पोचतो तोच आतून आलं: टक. टक. मग टकटकटक, जोरात. वर पोचून गाडी सपाट झाली की बंद. येताना तोच रस्ता उताराचा, तेव्हा काही नाही.

केसरला विचारलं, ऐकलंस? म्हणे लक्ष नव्हतं. खरंच नव्हतं. पूर्ण रस्ताभर ती माझ्या पायांकडे बघत होती. म्हटलं काय बघतेस? म्हणे, "चप्पल झिजली तुमची."

ठोक्याचा आवाज मला आवडत नाही. इंजिन आतून ठोकतं ते काहीतरी सांगायलाच. मृणालीने दारात येऊन गाडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, ह्याच गाडीतनं येणार ना मी?" तिला आवाजाचं बोललो नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

तेल: खुणेवर.

चार दिवस शोधतोय. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि दांडा कानाला, ही आमची जुनी पद्धत. बोटीवर याच पद्धतीने मी फुटकं बेअरिंग फुटायच्या आधी सांगितलंय. चारही सिलिंडर ऐकले. सगळीकडे छान, एकसारखी लय. प्लग काढून साफ केले. पेट्रोल वाईट असेल म्हणून टाकी संपवून दुसऱ्या पंपावरून भरलं. इंजिनाचे रबर बघितले, सायलेन्सरचे पट्टे आवळले. मग चढावर नेली. टकटकटक!

केसर म्हणते, जेवायला या, गाडी पळून जात न्हाय.

काशिफा हल्ली रोज दुपारी मी झोपायच्या वेळेला येते, जवळा न्यायला. एका घराला एवढा जवळा लागतो कशाला, देव जाणे.

२१ जानेवारी, मंगळवार

तेल: खुणेवर. पंधरा दिवसांत थेंबभर घालावं लागलं नाही.

एक नवीनच गोष्ट लक्षात आली. ड्रायव्हरची सीट रोज सकाळी पुढे सरकलेली असते. मधला आरसाही खाली झुकलेला. म्हणजे ठोक्याची थरथर किती असेल बघा, सीटसुद्धा जागेवर राहत नाही! परवा सीटखाली लाकडाची पाचर मारली. दुसऱ्या दिवशी पाचर पायाशी आणि सीट परत पुढे. हे साधं प्रकरण नाही.

अंगणात केसर पाण्याच्या पिंपाखाली दगडाची कपची सरकवत होती. उतारामुळे पिंप एका बाजूने भरलेलं दिसतं, दुसऱ्या बाजूने अर्धं, पाणी खरं किती ते कळत नाही, असं तिचं म्हणणं. लग्न होऊन आली तेव्हापासून ही कपची चालू आहे. मी म्हटलं, "पाणी ते पाणी. कुठनंही बघ." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा मागायचा विसरलो.

२६ जानेवारी, रविवार

तेल: खुणेवर. मन: खाली.

तळ्याला आमिरच्या गॅरेजला गेलो. आमिर म्हणजे काशिफाचा धाकटा भाऊ. अब्दुस्समदच्या गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तो घरी असतो, पण पोराला त्याने हात चांगला दिलाय. तीन तास पोरगं गाडीशी झटलं. टॅपेट बघितले, फॅनचा पट्टा, पाण्याचा पंप, सगळं उलटंपालटं केलं. तेल बघायला डिपस्टिकला हात घातला तसं मी म्हटलं, "ते मी रोज बघतो." त्याने लगेच हात काढून घेतला. "तुमी बघितलंय म्हणजे झालं, काका." संस्कार म्हणतात ते हे.

गॅरेजसमोरच्या सपाट रस्त्यावर तीन चकरा मारल्या. आवाज नाही. चढावर जाऊया म्हटलं, पण त्याच्याकडे दोन गाड्या खोळंबलेल्या. जाता जाता फार हळू आवाजात म्हणाला, "काका, राग नका मानू. एकदा कान दाखवून घ्या."

राग नाही आला. भीती वाटली. चौतीस वर्षं डिझेल इंजिनाच्या उशाला झोपलो. कानात शिट्टी वाजते, ते कोणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितो. नसलेला आवाज मीच ऐकत असेन तर? मग मी कसला शिवदास?

२८ जानेवारी, मंगळवार

तेल बघितलं. खुणेवर.

सकाळी धक्क्यावर गेलो आणि समुद्राकडे पाठ करून बसलो. बोटी परत यायची वेळ. केसर टोपली घेऊन आली होती, तिला म्हटलं तू बघ, मी फक्त ऐकतो. एकेक बोट लांबून यायची आणि मी नाव सांगायचो. धापा टाकत येणारी रावजीची. मध्येच एक ठोका खाणारी रघूची. शिट्टीसारखी सुरुवात, ती भिकूची. असं करत अकरा बोटी झाल्या. बायका टोपल्या टाकून भोवती जमल्या, एक चुकली की हसायचं म्हणून.

बारावीला चुकलो. मी म्हटलं, ही आपल्याकडची नव्हेच, नवीन इंजिन आहे. केसर म्हणाली, "चुकलात, ही तर वाघेऱ्यांचीच." पोरी खिदळल्या. तेवढ्यात बोट लागली आणि वाघेरे ओरडला, "काका, नवीन इंजिन बसवलंय परवा, कसं वाटतंय?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केसरने भर धक्क्यावर माझा कान ओढला आणि म्हणाली, "हाय, हाय, शाबूत हाय." तीस वर्षांत चारचौघांत तिने असं केलं नव्हतं. घरी आल्यावरही कान गरम होता.

म्हणजे आवाज आहे. मग तो आहे कुठे?

२ फेब्रुवारी, रविवार

तेल: खुणेवर. आनंद आणि संकट एकाच दिवशी.

विहीणबाईंना घर दाखवायला आणलं होतं. सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी, दोनदा वाढून घेतलं त्यांनी. संध्याकाळी परत सोडायला निघालो. चढ लागला. टक. टक. टकटकटक!

विहीणबाई दचकून म्हणाल्या, "अगं बाई! ह्यात कोण कांडतंय?"

मला इतका आनंद झाला की म्हटलं, "ऐकलंत ना? ऐकलंत ना तुम्ही?" जावई निकेश पुढे बसला होता, त्याला वाटलं मला वेड लागलं. पण विहीणबाईंनी दारात उतरताना हात जोडले. "मी माझी पोर ह्या गाडीत बसवायची न्हाय. अर्ध्या वाटेत बंद पडली तर? दोन मार्चला न्यायचं ठरलंय. तोवर गाडी नीट झाली तर न्या, न्हायतर बाळंतपण हिकडंच." आणि केसरकडे वळून म्हणाल्या, "आणि गाडी नीट झाली तरी अवेळी चालवणार कोण? हे तर झोपले की उठत न्हायत म्हणतेस."

मृणाली दाराआड उभी होती. तिचा चेहरा मला बघवला नाही. तिला लहानपणापासून हौस एकच, समुद्राकडच्या खोलीत झोपायचं. ती खोली केसरने मागच्या महिन्यातच सारवून ठेवली आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तेल: खुणेवर.

एक एक भाग मनातल्या मनात उघडून बसवतो. सपाटीला नाही, उतारावर नाही, फक्त चढावर. म्हणजे इंजिनावर जोर पडला की. म्हणजे पिस्टन? मग सपाटीला जोरात पळवली तरी वाजायला हवं, तसं वाजत नाही. सुटत नाही हे कोडं.

आज दुपारी स्वप्न पडलं. मी झोपलोय आणि खालून आपली गाडी चढावर येतेय, टकटक करत, अगदी घराशेजारी येऊन थांबली. दार लागल्याचाही आवाज आला. जाग आली तेव्हा गाडी जागेवरच होती. बॉनेटला हात लावला तर गरम. उन्हाने तापलं असणार. आता गाडी स्वप्नातही सोडत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तेल: खुणेवर. केसर आणि काशिफा परत पेणला. परत सेल. परत साडी नाही. पण येताना दोघींनी पाव किलो पेढे आणले आणि उगाचच हसत होत्या. मला एक पेढा मिळाला, कारण मिळालं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तेल: खुणेवर. भांडण.

सकाळी केसरच्या नावाचं सरकारी पाकीट आलं. उघडून दाखवेना. आधारचं काहीतरी असेल म्हटलं.

दुपारी जेवताना ती एकदम म्हणाली, "अवो, तेल जरा खाली खळ्यावर नेऊन बघा की एकदा. सपाटीवर." खळं म्हणजे धक्क्याजवळची मासळी वाळवायची मोकळी जागा.

मी घास ठेवला. चौतीस वर्षं इंजिनाचं तेल बघतोय, आता तू मला शिकव! रोज बघतो, चहाच्या आधी बघतो, देवाआधी बघतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. तिच्या 'बरं'चा मला फार राग येतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

मास्तरांना फोन केला. गाडी परत घेता का, नाहीतर गिऱ्हाईक बघा. मृणालीला संध्याकाळी फोन करून सांगणार होतो की बाळंतपण तिकडेच होऊ दे. तीनदा नंबर लावला, तीनदा कापला. मुलीला आपण आणू शकत नाही, हे सांगायला शब्द कुठून आणायचे? केसर दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "फोन उद्या करा." आणि लगेच काशिफाकडे निघून गेली.

आज तेल बघितलं नाही. वहीत हा रकाना पहिल्यांदाच रिकामा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हे सगळं जसं झालं तसं लिहितो.

दुपारी झोपलो नाही. केसर आणि काशिफा दारात आल्या. केसरने हात पुढे केला. "चावी द्या."

मला वाटलं डिकीतलं काहीतरी हवंय. दिली. केसर जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सीट पुढे ओढली, खट्ट! मधला आरसा खाली केला. काशिफाने मागच्या चाकांचे दगड काढले आणि माझ्या बायकोने, गिअर न घालता, इंजिन न लावता, नुसत्या ब्रेकवर गाडी उताराने मागे मागे सोडत खाली नेली. तशीच रोज नेत असणार, मला जाग येऊ नये म्हणून. खाली पोचल्यावर इंजिन लावलं, जवळ्याच्या दोन चटयांमधून वळवली आणि खळ्याच्या मधोमध उभी केली. चटईवरचा एक जवळा हलला नाही.

मी धावत गेलो. ओरडायला गेलो होतो, पण तोंडातून निघालं, "वळण झकास घेतलंस."

"मी शिकवलंय," काशिफा म्हणाली. "मस्कतला मुलांना शाळेत मीच सोडायची."

केसरने ब्लाउजमधून ते सरकारी पाकीट काढलं. लायसन्स. म्हणजे पेणचा सेल हा आरटीओ ऑफिसातला होता! फोटोत ती इतकी गंभीर, जणू तिलाच कोणीतरी पकडून नेलंय.

"कशाला पण?" मी विचारलं.

"रातचं पोरीच्या पोटात दुखायला लागलं तर तुमाला उठवत बसू? तुमी उठेस्तोवर नात शाळंत जाईल."

मग तिने बॉनेट उघडलं. डिपस्टिक काढून फडक्याने पुसली, घातली, काढली आणि माझ्या हातात दिली. फक्त टोक ओलं. खालच्या खुणेलासुद्धा तेल नाही! मी पुसली, परत घातली. तीनदा बघितलं. खुणेपर्यंत कोरडीच.

"काशिफाला शुक्रवारी हितं खळ्यावर सवयीनं बघावंसं वाटलं," केसर म्हणाली. "तवा कळलं. तुमाला सांगितलं तर तुमी घास टाकलात."

मी गाडीच्या बंपरवर बसलो. डोक्यात एकदम सगळं जागेवर बसलं. बोटीत इंजिन तिरकंच बसवतात, मागे झुकलेलं, पाण्यातल्या पंख्याच्या दांड्यासाठी. तिथली डिपस्टिकही त्या तिरकेपणाला धरूनच खुणा केलेली असते. चौतीस वर्षं मी तिरक्या इंजिनाचं तेल बघितलं आणि ते बरोबर निघालं. गाडी मात्र सपाट जागेसाठी केलेली. उतारावर नाक वर करून लावली की तेल मागे जातं, डिपस्टिकच्या बाजूला, आणि जास्त दिसतं. मास्तरांचं तेल बरोबर होतं. मी ते पहिल्याच दिवशी काढून टाकलं! चढावर उरलंसुरलं तेल मागे सरकायचं, पंपाला हवा मिळायची, आणि इंजिन कोरड्या घशाने ठोकायचं. मला हाका मारायचं. मी रोज सकाळी तिला सांगायचो, तू बरी आहेस. तेलाचा लाल दिवा तेवढा लागत असता तर त्यानेही सांगितलं असतं, पण मला दिवे नको होते.

"पिंपाखालची कपची," मी म्हणालो.

"व्हय," केसर म्हणाली. एवढंच. दुसरी कोणी असती तर तीस वर्षांचा हिशोब काढला असता.

मला हसू आलं आणि मग रडू आलं, दोन्ही एकदम. काशिफा पाणी आणायला पळाली. संध्याकाळी मृणालीला फोन केला. म्हटलं, खोली तयार आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नवीन तेल घालून गाडी आमिरकडे नेली. मी आधी कबूल करून टाकलं. तो माझ्यापेक्षा जास्त शरमला. "अब्बांनी सांगितलेलं, शिवदासकाकांनी तेल बघितलं असंल तर परत बघायचं न्हाय. म्हणून हात लावला न्हाय."

दोन शहाणे आणि मध्ये एक कोरडं इंजिन! त्याने खालचं झाकण खोलून बेअरिंगं बघितली. थोडे चरे आहेत, पण बदलायची गरज नाही म्हणाला. महिनाभर अजून चालवली असती तर इंजिन गेलंच होतं. लाल दिव्याचा बल्बही बसवून घेतला. आता मला दिवे हवेत.

मग चढावर गेलो. खिडक्या बंद केल्या, श्वास धरून ऐकलं. अर्धा चढ. पूर्ण चढ. काही नाही. इतकी सुंदर शांतता मी कुठल्या बोटीवर ऐकली नव्हती.

२ मार्च, रविवार

मृणालीला आणायला गेलो. केसरने चालवली. फेरीबोटीवर गाडी चढवताना खलाशी माझ्याकडे बघून हात करत होता, उजवीकडे, उजवीकडे! मी बाजूच्या सीटवर हात जोडून बसलो होतो. तेव्हा त्याचं लक्ष स्टिअरिंगकडे गेलं आणि त्याची बिडी खाली पडली.

तळ्याला ओटी भरून झाली. विहीणबाई म्हणाल्या, "आधी मला चढावरनं फिरवून आणा. मग सून पाठवते." त्या केसरशेजारी पुढे बसल्या, देवाचं नाव घेत. मी आणि मृणाली मागे. तिला घरी थांब म्हटलं तर म्हणे, मीही ऐकणार. केसरने गाडी चढाच्या पायथ्यापर्यंत खाली नेली, वळवली आणि वर काढली. गिअर खाली. अर्धा चढ झाला.

"ठोकलं!" मृणाली ओरडली.

"केसर, थांबव! थांबव!" गाडी बाजूला घेतली. विहीणबाईंनी दाराच्या कडीला हात घातला. मी दार उघडून खाली उतरणार, एवढ्यात मृणालीने माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला.

"बाबा, हिकडं. गाडीत न्हाय."

हाताखाली ठोका लागला. टक. मग थांबून परत, टक. मी चौतीस वर्षं ठोके ऐकले, असा एकही नव्हता. विहीणबाई मागे वळून बघत होत्या, आधी रागाने, मग त्याही हसायला लागल्या. त्यांनीही हात मागे करून पोटावर ठेवला. केसर आरशातून बघत होती. तिचे डोळे वाहत होते, पण ब्रेकवरचा पाय हलला नाही.

"चला," विहीणबाई म्हणाल्या. "माझी परवानगी हाय. पण चालवायची हिनंच."

३ मार्च, सोमवार

सकाळी उठलो तर घराशेजारचा उतार मोकळा. गाडी खाली खळ्याच्या कडेला सपाटीवर, आणि केसर फडकं घेऊन बॉनेटशी. मृणाली समुद्राकडच्या खोलीच्या खिडकीत बसून तिला सूचना देत होती, काशिफा तिसरीच सूचना देत होती. मला कोणी विचारलं नाही.

मी अंगणात गेलो आणि पिंपाखाली कपची सरकवली. पाणी कमी होतं. बादली घेऊन नळावर गेलो.

तेल: सपाटीवर बघितलं. खुणेवर. बघणारी केसर.

आवाज: गाडीत नाही. घरात भरपूर.